निवळलेलं तळं

लालबीच्या खुरप्याला त्या दिवशी माती लागलीच नाही.

सोयाबीन वीतभर आलं होतं. दोन ओळींच्या मधून केना आणि लव्हाळा असा माजला होता, की पेरलंय काय आणि आपोआप उगवलंय काय, ते आधी नीट बघावं लागावं. पाच बाया कमरेला पदर खोचून, फडक्यात भाकरी बांधून कल्याणप्पांच्या माळावर आल्या होत्या. लालबी त्यांची म्होरकी. वीस वर्षं या माळाची पहिली पात तिच्याकडं. दुसरी कुणी पुढं गेली तर तिला रात्री झोप यायची नाही.

कल्याणप्पा बांधावरच्या लिंबाखाली मोटारसायकल लावून बसले होते. कपाळावर विभूतीचे पट्टे, मांडीवर खोक्यातून काढलेला पांढरा कॅन. माणूस वाईट नव्हता. बायांना चहा विचारायचे, उन्हाच्या वेळी स्वतःहून बसा म्हणायचे. त्यामुळं त्यांच्याशी धड भांडताही यायचं नाही.

"बायांनो, औंदा खुरपणी न्हाय," ते म्हणाले. "तणाचं औषध मारायलाव."

"सगळ्या रानावर?" लालबीनं विचारलं.

"सगळ्याच. तुमी पंधरा दिस बसून काढता, तवर मागं परत उगवतंय. आन् पाऊस लागला की घरला बसता."

"अप्पा, म्या कवा घरला बसले? आंगात ताप असताना बी पात सोडली न्हाय म्या."

"तुझं न्हाय गं म्हणत म्या." कल्याणप्पा जरा ओशाळले. कॅन मांडीवरून खाली ठेवला. "तुला काम हाय की. धोंडीबा आन् त्याची माणसं फवारतील, तू पंपाला पाणी घाल. आठवडाभर."

बाकीच्या चौघी लालबीकडं बघायला लागल्या. काम एकीलाच होतं. लालबीनं नको म्हटलं असतं तर ते दुसरीला गेलं असतं, एवढं तिला कळत होतं. तिनं खुरपं कमरेला खोचलं आणि घागर कुठाय म्हणून विचारलं. चौघी आल्या वाटेनं परत गेल्या. जाताना एकीनंही तिला हाक मारली नाही.

माळाच्या पायथ्याशी पाझर तलाव होता. गाव त्याला नुसतं तळंच म्हणायचं. माळावर पडलेला पाऊस एका ओढ्यानं त्यात उतरायचा. ओढ्याच्या तोंडाशी एक सपाट दगड होता, तिथून लालबी घागर भरायची आणि चढणीनं वर न्यायची. घागर डोक्यावर, एक पाय ढेकळात, एक पाय चिखलात. वर धोंडीबा पाठीवरचा पंप उतरवून उभा असायचा. ती पाणी ओतायची, तो टोपणानं औषध मोजायचा आणि काडीनं ढवळायचा. पाणी दुधासारखं पांढरं व्हायचं. उग्र वास यायचा आणि लालबीला दुपारची भाकरी गिळवायची नाही.

"भाभी, तोंडाला पदर बांधा," धोंडीबा म्हणायचा. त्याच्या स्वतःच्या तोंडाला काहीच नसायचं.

संध्याकाळी पंप धुवायचं काम तिच्याचकडं आलं. कल्याणप्पांनी बजावून सांगितलं होतं, "लालबी, तीन पाण्यानं धू. निरमा घाल. मागल्या साली वीरप्पानं तणाचा पंप तसाच तुरीला वापरला, आन् आक्खी तूर वाळून कोळ झाली. तुझ्या हातचं धुणं म्हंजी मला घोर न्हाय."

लालबी या शब्दाला भुलली, हे तिनं पुढं स्वतःशी शंभरदा कबूल केलं. भांडी घासावीत तर लालबीनं, असं गावात म्हणत. तिची पातेली चुलीवरची आहेत की दुकानातली ते कळायचं नाही. चार पंप, त्यांच्या नळ्या, जाळ्या, तोट्या आणि रिकामे कॅन घेऊन ती त्या सपाट दगडावर बसायची आणि तीन-तीन पाण्यानं सगळं लखलखीत करायची. फेस ओढ्यातून तळ्यात जायचा आणि कडेच्या गवताला धरून डोलत राहायचा. सात दिवस हे चाललं. आठव्या दिवशी माळावरचं तण माना टाकून पिवळं पडलं होतं, आणि सोयाबीन तेवढं हिरवंगार उभं होतं. बघायला खरंच छान दिसत होतं.

फवारणी संपल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस असा कोसळला, की माळ दिसेनासा झाला. तासाभरात ओढा तांबडा होऊन धावला आणि तळं सांडव्याला टेकलं. लालबीचा नवरा मुनवर भर पावसात बांधावर जाऊन उभा राहिला आणि ओला चिंब होऊन हसत घरी आला.

"भरलं गं," तो म्हणाला. "आल्लानं औंदा पदरात टाकलं."

त्याला हसायला कारण होतं. तळं पंचायतीकडून मासे सोडायला त्याच्याकडं होतं आणि हे कराराचं शेवटचं साल. मागल्या वर्षी दुष्काळात तळं तळापासून भेगाळलं. कटला, रोहू, मृगळ, सगळं चिखलात तडफडून गेलं आणि कावळ्यांनी आठ दिवस जेवण केलं. थोरला आरिफ पुण्याला एका गोदामात होता. त्यानं बापासाठी वॉचमनची जागा बघून ठेवली होती. मुनवर त्याला म्हणाला होता, "औंदा एक साल बघतो. तळं लागलं तर पंचायत मलाच ठिवंल. न्हाय लागलं तर येतो तुझ्याकडं, तू म्हणशील त्या गेटावर बसतो." पंचावन्न वर्षांचा हा माणूस पाण्याजवळ नसला की दोन दिवसांत चिडचिडा व्हायचा. तो गेटावर बसलेला लालबीच्या डोळ्यांपुढं येतच नव्हता.

श्रावणात बोटुकली आली. बोटाएवढी पिल्लं, हवा भरून फुगवलेल्या पिशव्यांमधून. मुनवरनं पिशव्या न उघडता अर्धा तास तळ्यात तरंगत ठेवल्या, पिल्लांना नव्या पाण्याचा गारवा कळावा म्हणून. मग एकेक पिशवी वाकडी केली. पिल्लं जराशी घुटमळायची आणि एकदम खाली जायची. शेवटची पिशवी त्यानं लालबीला सोडायला लावली. तिच्या हाताला बरकत आहे, असं तो नेहमी म्हणायचा.

मुनवरची पाणी तपासायची एक रीत होती, ती त्याच्या बापाकडून आली होती. काठावर उकिडवं बसायचं, बाही वर सारायची आणि हात सरळ खाली सोडायचा. पाणी कोपराला लागलं की तळव्याकडं बघायचं. तळवा दिसेनासा झाला असला तर पाण्यात चारा आहे. दिसला तर पाणी उपाशी आहे, शेण टाका. चारा म्हणजे पाण्याचा हिरवेपणा आणि त्या हिरव्यावर जगणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव. शेण पडलं, ऊन लागलं, की पंधरा दिवसांत पाणी रंग धरायचं. मासे त्यावरच वाढायचे. मुनवरनं आयुष्यात माशांना वेगळं खायला फारसं घातलंच नव्हतं. तो पाण्याला जेवू घालायचा आणि पाणी माशांना.

भाद्रपदात गाळ खाली बसला. मुनवरनं हात सोडला. तळवा दिसला.

"बसंल अजून," तो म्हणाला आणि दोन गाड्या शेण टाकलं.

पंधरा दिवसांनी पुन्हा हात सोडला. तळवा दिसला, त्याच्या रेघाही दिसल्या. आणखी शेण टाकलं. दोघं नवरा-बायको टोपल्यांनी शेण वाहायची. मुनवर छातीएवढ्या पाण्यात उभा राहून ते कालवायचा, लालबी काठावरून पुढं करायची. खांदे भरून यायचे, केसांना वास बसायचा. शेण तळाला जाऊन बसायचं आणि वर पाणी होतं तसंच. दिवसेंदिवस निवळच होत गेलं. काठाचे दगड दिसायला लागले, मग दगडांवरची शेवाळ पांढरी पडून सुटलेली दिसली. दरवर्षी बेडकांच्या पिल्लांनी कड काळी व्हायची, ती यंदा मोकळी होती.

गाव मात्र खूश होतं.

"मुनवर, पाणी काय झालंय रे! काचेवानी," कल्याणप्पा देवळातून परतताना म्हणाले. त्यांच्या आळीला मासे चालत नव्हते आणि तळ्यात शेण टाकलेलं तर बिलकुल खपत नव्हतं. दरवर्षी त्यावरून कुरकुर व्हायची. "असंच ठिव बघ औंदा."

"व्हय अप्पा," मुनवर म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

एका सकाळी त्यानं मुलीची, मदिहाची, जुनी ओढणी मागितली. तिची चौपदरी पिशवी शिवली, घागरीमागून घागर पाणी तिच्यातून गाळलं आणि पिशवीच्या टोकाला जे उरलं ते पेल्यात उलटं केलं. चांगल्या सालात पेल्याच्या बुडाशी बोटाच्या पेराएवढा हिरवा-तपकिरी गाळ बसायचा, आणि तो नीट बघितला तर हलायचा. पन्नास घागरी झाल्या. पेल्यात पाणी होतं. ते पिता आलं असतं.

मदिहा तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. ती तळ्याच्या पाण्याची बाटली घेऊन गेली आणि संध्याकाळच्या एसटीनं आली. आईनं चहा दिला, तो तसाच निवला.

"सरांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं," शेवटी ती म्हणाली. "कॉलेजच्या हौदातला एक थेंब आधी दाखवला मला. अब्बा, आठवडी बाजार भरल्यावानी असतंय त्यात. हिरवं, गोल, लांबट, पळायलेलं, एकमेकाला खायलेलं. मग आपला थेंब ठेवला."

"मग?"

"काहीच न्हाय. पाच थेंब बघितलं सरांनी. एक-दोन मेलेलं दिसलं."

लालबी चुलीपुढं बसली होती, तिनं मागं वळून बघितलं नाही.

"सर म्हणले, वरच्या रानात तणनाशक मारलंय का? त्यानं तण मरतंय तसं पाण्यातलं हिरवं बी मरतंय. ते मेलं की त्याच्यावरचं बारीक जीव उपाशी मरत्यात. मग मासं." मदिहानं बोटं मोडली. "म्या म्हणलं, मारलंय. ते म्हणले, नेमकं काय ते कळायला पुण्याच्या लॅबला पाणी पाठवावं लागंल. तवर मयना-दीड मयना जाईल."

"आन् कळल्यावर काय करायचं म्हणले?"

"ते न्हाय म्हणले काही. तीन-चार मयन्यांनी हिरवं आपोआप परत येईल म्हणले. नवीन औषध न्हाय पडलं तर."

"तीन-चार मयने," मुनवर म्हणाला आणि हसला. त्याचं ते हसणं लालबीला ऐकवेना. तिच्या डोळ्यांपुढं सपाट दगड होता, निरम्याचा फेस होता, आणि गवताला धरून डोलणारे बुडबुडे. सात दिवस. चार पंप. तीन-तीन पाणी. भाकरी तव्यावर करपली आणि तिला वास आला नाही.

ती बोलली नाही. बोलायचं ठरवलं, जेवताना बोलू म्हटलं, जेवण झालं, उद्या बोलू म्हटलं. पाच वेळच्या नमाजांतली तिची एरवी एखादी चुकायची, आता एकही चुकेना. मुनवर म्हणालाही, "आजकाल लई पाक झालीस." तिनं पदर पुढं ओढून घेतला.

दिवाळीच्या सुमाराला मासे पहाटे वर यायला लागले. पाण्याच्या वर तोंड काढून हवा ओढायचे. मुनवर थर्माकोलच्या तराफ्यावर बसून भाताचा कोंडा पाण्यावर पसरायचा. तो मुठीनं कोंडा टाकायचा आणि मासे कोंड्याकडं यायचेही, पण तळं केवढं आणि मूठ केवढी. एकदा त्यानं जाळं फेकून दोन कटला काढले. तीन महिन्यांत ते वीतभर पुरे व्हायला हवे होते. त्यांची डोकी नेहमीएवढी होती, आणि डोक्यामागं अंग असं नव्हतंच, चिमटीत मावेल एवढी शेपटी. लालबीनं त्यातला एक हातात घेतला. पाठीचा काटा बोटांना लागत होता. तिनं तो पटकन पाण्यात सोडला.

"म्या कल्याणप्पाशी बोलते," ती म्हणाली.

"काय बोलणार?"

तरी ती गेली. कल्याणप्पा खळ्यावर सोयाबीनची रास झाकत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"लालबी, म्या काय मुद्दाम केलं व्हय?" ते म्हणाले. आवाज खरा होता. "दुकानदारानं दिलं, म्या मारलं. सगळेच मारत्यात. खुरपायला बाया आणू कुठून? निम्म्या पुण्याला गेल्या."

"आमी पाचजणी व्हताव की अप्पा. खुरपी घेऊन बांधावर उभ्या व्हताव."

कल्याणप्पांनी मान खाली घातली. मग ते आत गेले आणि पेंडीचं अर्धं पोतं तिच्यापुढं ठेवलं. "माशाला घाल. आमाला मासं चालत न्हाय, पर जीवच हाय तो बी." लालबीला त्यांचा राग यायला हवा होता. पोतं डोक्यावर घेताना तिला रडू आलं ते त्यांच्या चांगुलपणाचं. भांडायला आलेली बाई पेंड घेऊन घरी निघाली होती.

त्याच आठवड्यात महांतेश घरी आला. गावची सरपंच त्याची बायको, शिवलीला. पण ग्रामसभेत बोलायचा महांतेश आणि सही करायची शिवलीला, अशी त्यांची वाटणी होती.

"चाचा, स्वच्छ तलाव स्पर्धेत आपलं तळं तालुक्यात पहिलं यायलंय," तो पायऱ्यांवरूनच ओरडला. "साहेब लोक बघायला येणार हैत. तवर शेण-बिण काही टाकायचं न्हाय. पंधरा दिस फक्त."

"महांतेश, मासं मरायलेत रे," मुनवर म्हणाला. "शेण बंद केलं तर…"

"शेणानं तसं बी काय व्हईना म्हणलाव ना तुमी? मग?" महांतेशनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चाचा, करार संपायलाय ना औंदा? गावचं नाव झालं तर तुमाला कोण न्हाय म्हणंल?"

मुनवरनं शेण बंद केलं.

साहेब लोक आले ते दोन गाड्यांमधून, अकराच्या उन्हात. बांधावर मंडप होता, सतरंजी होती. एका फलकावर दुष्काळाच्या आधीच्या सालातला हिरव्या पाण्याचा फोटो, खाली 'आधी'. शेजारी आत्ताचा, खाली 'नंतर'. एक बाई साहेब काठावर गेल्या आणि वाकून बघत म्हणाल्या, "अगदी तळ दिसतोय हो." त्यांनी फोनवर फोटो काढून घेतला.

तळ्याची राखण करणारा म्हणून मुनवरला पुढं बोलावलं. खांद्यावर शाल घातली. नारळ कल्याणप्पांच्या हस्ते दिला. मुनवरनं धुतलेला सदरा घातला होता आणि त्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या तशाच राहिल्या होत्या.

"काय काय उपाय केलेत तुम्ही?" मोठ्या साहेबांनी त्याला विचारलं.

मुनवरनं तोंड उघडलं. लालबी बायांमध्ये मागं उभी होती. आता बोलतो, असं तिला वाटलं, आणि बोलू नये असंही वाटलं, कारण तो बोलला तर कुणाकुणाचं नाव निघेल ते तिला ठाऊक होतं. मुनवरनं कल्याणप्पांकडं बघितलं, महांतेशकडं बघितलं.

"काय न्हाय केलं साहेब," तो म्हणाला.

लोक हसले. "लई साधा माणूस हाय," महांतेश पुढं होऊन म्हणाला. "साहेब, लोकसहभाग. दुसरं काही न्हाय." टाळ्या पडल्या.

मंडप उतरल्यावर दोघं बांधावर बसून राहिली. मुनवर शालीची घडी घालत होता. उलगडायचा, पुन्हा घालायचा. लालबीनं जमिनीकडं बघत सांगून टाकलं.

"पंप म्या हितंच धुतलं. त्या दगडावर. सात दिस."

"ठावं हाय," मुनवर म्हणाला.

तिनं चमकून वर बघितलं.

"फेस आलता कडंला. आन् वास काय लपतोय व्हय?"

"मग तुमी बोलला का न्हाय?"

"काय बोलू? तवा मला तरी कुठं कळत व्हतं. आन् कळल्यावर बोलून तुला काय वाटलं असतं?"

"सारं माझ्यामुळं झालं," लालबी म्हणाली आणि इतके दिवस अडवून धरलेलं रडू तिला आवरेना. "माझ्या हातानं झालं. तुमी माझ्या हाताला बरकत हाय म्हणता."

मुनवरनं माळाकडं बघितलं. सोयाबीन निघून रानं उघडी पडली होती. बांधसुद्धा यंदा औषधानं जाळलेले, तांबूस, वर माथ्यापर्यंत.

"येडे, चार पंपानं तळं मरत न्हाय," तो म्हणाला. "वर बघ. एकट्या कल्याणप्पाचं हाय व्हय ते? त्या अंगाला वीरप्पा, रेवणप्पा. त्याच्या वर दुसऱ्या गावचं शिवार. सगळ्यांनी मारलं आन् तिसऱ्या दिशी तो पाऊस. सगळा माळ धुवून हितं आला. तू पंप नसतंस धुतलं तरी हेच झालं असतं. उगं काळजाला लावून घेऊ नको."

तिला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट पायाखालचं काहीतरी गेलं. आपल्या हातून झालं असेल तर पुढच्या सालापासून आपण ते करणार नाही, पंप इथं धुणार नाही, मग तळं वाचेल, असा तिनं मनाशी हिशोब मांडून ठेवला होता. गुन्हा होता, पण तिचा होता आणि तिला सोडता येण्यासारखा होता. आता तोही हातात राहिला नाही. एवढ्या सगळ्या माळाला कोण काय सांगणार?

मार्गशीर्षात मुनवरनं जाळं ओढलं. लालबी टोपली घेऊन आठवडी बाजारात बसली. पहिल्याच गिऱ्हाइकानं कटला उचलून हलवून बघितला आणि शेजारच्याला दाखवला. "ह्यात खायाचं काय हाय, भाभी? डोस्कं तेवढं दिसायलंय." दुपारपर्यंत माशा हाकलत ती बसली. एरवी मागाहून येणाऱ्याला मासा मिळायचा नाही. शेवटी मांजरांसाठी म्हणून एकानं निम्मी टोपली नेली. तिनं भावही सांगितला नाही.

पंचायतीनं करार पुढं दिला. मुनवरलाच दिला, एकमतानं. फक्त तळ्यात शेण टाकायचं नाही आणि पाणी आहे तसं ठेवायचं, ही अट महांतेशनं वाचून दाखवली. मुनवरनं कागद वाचणाऱ्याच्या हातातच राहू दिला आणि घरी येऊन आरिफला फोन लावला. जाताना त्यानं तराफा बांधावर पालथा घातला, वर दोन दगड ठेवले. शाल बॅगेत घेतली. "पुन्याला थंडी असंल," म्हणाला. एसटी वळणावर दिसेनाशी झाली तरी लालबी आणि मदिहा उभ्याच होत्या.

पंधरा दिवसांनी कल्याणप्पांचा निरोप आला. उसात तणाचं औषध मारायचंय, पाण्याला ये. लालबी आदल्या संध्याकाळी नाही म्हणाली. सकाळी घागर घेऊन गेली. मदिहाच्या एसटीचा पास संपला होता आणि गावात बाईला दुसरं काम नव्हतं.

तळ्याच्या सपाट दगडावर बसून तिनं घागर बुडवली. घागर भरायला हात कोपरापर्यंत आत गेला. मग खांद्यापर्यंत गेला. तळवा दिसत होता. बोटांच्या भेगा दिसत होत्या, बांगडीवरची नक्षी दिसत होती.

संध्याकाळी चार पंप तिच्यापुढं आले. तिनं ते तळ्यावर नेले नाहीत. पाण्याच्या दोन घागरी तिनं चढणीनं वर आणल्या होत्या, माळाच्या मध्यावर, ओढ्यापासून लांब. कमरेचं खुरपं काढलं आणि खड्डा खणायला बसली. पावसाळ्यापासून न वापरलेल्या खुरप्याला गंज चढला होता. माती कडक होती. हातभर खड्डा झाल्यावर तिनं पहिला पंप तीन पाण्यानं धुतला आणि सगळं पांढरं पाणी खड्ड्यात ओतलं. माती ते हळूहळू प्यायला लागली.

धोंडीबा बांधावर बसून तंबाखू मळत होता. बघून त्याला हसू आलं, वाईट हेतू नव्हता.

"भाभी, कशाला हाडं मोडायलाव?" तो म्हणाला. "खड्डा कुठंबी काढा, उतार तळ्याकडंच हाय की."

लालबीनं खाली बघितलं. तळं उतरत्या उन्हात लख्ख होतं. काठाजवळचे दगड इथून वेगवेगळे दिसत होते. तिनं दुसरा पंप पुढ्यात ओढला, पण लगेच धुतला नाही. आधी खुरपं उचललं आणि खड्डा आणखी वीतभर खोल करायला घेतला.